पानाच्या पाठीवरचं घर

जपानमधल्या होक्काइदो बेटावर, जंगलाच्या तळाशी सासा नावाचा बुटका बांबू माजलेला असतो. त्याच्या पानांवर फिकट पट्टे दिसले की पहिला संशय बुरशीवर जातो. आपण पान उलटं करून भिंगातून पाहावं. शिरांच्या दिशेने ताणलेलं, दाट विणीचं पांढरं छत दिसलं, तर ते बहुधा स्टिग्मीऑप्सिस लाँगस या कोळी किडीचं घरटं. आत राहणारी मंडळी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, पानातला रस शोषून जगणारी.

मादी पानाच्या मागच्या बाजूला रेशीम विणते आणि त्या छताखाली अंडी घालते. कुटुंब वाढेल तसं छतही लांबत जातं.

अंड्यातून सहा पायांची अळी निघते. तिला कीटक समजू नये. पहिल्या कातीनंतर पाय आठ होतात. पुढे पिल्लाच्या दोन अवस्था आणि मग प्रौढ.

प्रत्येक कात टाकण्याआधी जीव हालचाल थांबवून पानाला चिकटून राहतो. घोटाळा बहुतेक इथेच होतो. फवारणीनंतर असे निश्चल जीव मेलेले म्हणून मोजले जातात आणि दोन-चार दिवसांत तेच चालू लागतात.

शेवटच्या विश्रांतीतल्या मादीजवळ नर ठाण मांडून बसतो. ती प्रौढ होताच मिलन होतं. फलन झालेल्या अंड्यातून मादी जन्मते, न झालेल्यातून नर. म्हणजे नराला बाप नसतोच! जोडीदार न मिळालेली मादीही अंडी घालते, पण त्यांतून फक्त नर निघतात.

घरट्यातले सगळे विष्ठा ठरलेल्या जागीच टाकतात, त्यामुळे घरटं स्वच्छ राहतं. मला मात्र यापेक्षा पालकांचं धाडस मोठं वाटतं. टिफ्लोड्रोमस बांबुसी हा भक्षक जीव घरट्यात शिरून अंडी-पिल्लं खातो. त्याची पिल्लं आत आली, तर आई-बाप दोघंही त्यांच्यावर धावून जातात, कधी ठारही करतात. होक्काइदो विद्यापीठाच्या युताका साइतो यांनी हे 1986 मध्ये मांडलं. प्रौढ भक्षकापुढे मात्र त्यांचं फारसं चालत नाही.

किडीला आवर घालतो तो हाच भक्षक, म्हणूनच सरसकट विषारी फवारणी अंगाशी येऊ शकते: छताखालची कीड वाचते, उघड्यावर फिरणारा भक्षक मरतो. चीनच्या फूच्येन प्रांतात याच कुळातल्या स्टिग्मीऑप्सिस नानजिंगेन्सिसने मोसो बांबूच्या लागवडीत मोठा उपद्रव केला, तोही जिथे मोसोशिवाय दुसरं झाड ठेवलं नव्हतं अशा रानांत. सोबत इतर झाडं-गवतं राहू दिली, तर भक्षकांना तिथे आसरा मिळतो.