लाकडाचीं छिद्रें आणि आरशासारखें पॉलिश

सावित्री नदीच्या मुखाशीं हरिहरेश्वर वसलें आहे. या किनाऱ्यावरील जुन्या घरांतून सागाचीं दारें, फणसाच्या फळ्यांचे देव्हारे आणि झोपाळे आढळतात. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाच्या चक्रीवादळानें श्रीवर्धन तालुक्यांतील अनेक घरांचीं छपरें उडविलीं. अशा पावसांत भिजलेलें जुनें लाकूड पुन्हां उजळावयाचें, तर तें वारंवार तासून चालत नाहीं. पिढ्यान् पिढ्या मुरलेली फळी बाजारांत विकत मिळत नाहीं. म्हणून पॉलिशाची पहिली पायरी, म्हणजे छिद्रांची भरणी, एकदांच पण नीट व्हावयास हवी.

साग रंध्यानें कितीही गुळगुळीत केला, तरी स्पिरिटांत विरघळविलेल्या चपडी लाखेचा हात फिरतांच त्यावर बारीक रेघा दिसूं लागतात. हा कारागिराचा दोष नव्हे. मुळांनीं शोषलेलें पाणी वर नेणाऱ्या नळ्या लाकडांत असतात; फळी कापली कीं त्या उघड्या पडतात. सागांत वाढीच्या हंगामाच्या आरंभीं या नळ्या मोठ्या होतात, म्हणून त्यांच्या ओळी उमटतात. फणसांतही त्या मोठ्याच, पण सर्वत्र विखुरलेल्या असतात. चीड किंवा देवदार यांत अशा नळ्याच नसल्यामुळें तेथें भरणीचें कारण पडत नाहीं.

भरणीचा मसाला साधा आहे : चाळलेली खडूची पूड, उकळलेलें जवसाचें तेल आणि रंगापुरती पिवडी व गेरू. रंग न घातल्यास पुढें छिद्रांत पांढऱ्या रेघा उठतात. म्हणून मसाला लाकडाहून किंचित् गडद ठेवावा.

प्रथम काचकागद रेषांच्या दिशेनें फिरवून धूळ झटकावी आणि लाखेचा एक पातळ हात द्यावा. तो वाळल्यावर टर्पेंटाइननें सैल केलेला मसाला गोणपाटानें रेषांना आडवा चोळावा. उभा चोळला तर तो छिद्रांतून निघून येतो. त्याची ओली चकाकी गेली, कीं कोरड्या गोणपाटानें आडवाच पुसावा. मसाल्याची जागा छिद्रांत आहे, पृष्ठभागावर नाहीं. वर राहिलेला थर लाकडाचें रूप धुरकट करितो.

यानंतर थांबावयाचें असतें, आणि बहुतेक काम येथेंच बिघडतें. जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतें. दमट हवेंत त्यास अधिक वेळ लागतो. ओली भरणी पॉलिशाखालीं झांकली, तर ती मागाहून आकसते आणि त्याच रेघा पुन्हां वर येतात. शिवाय पावसाळी हवेंत लाखेचें पॉलिश पांढुरकें पडतें. म्हणून किनाऱ्यावर हें काम दिवाळीनंतर व पावसाळ्यापूर्वीं करावें. भरणीस निदान दोन दिवस द्यावे. नखाची खूण उमटली तर आणखी थांबावें. भिजलेलें लाकूड तर त्याआधीं सावलींत, वारा खेळेल असें ठेवून, कित्येक आठवडे वाळवावें.

समुद्राकडे तोंड असलेल्या बाहेरच्या दारास मात्र हा थाट नको. तेथें लाकूड पावसानें फुगतें, उन्हानें आकसतें आणि लाखेचा थर तडकतो. अशा ठिकाणीं छिद्रें मोकळीं ठेवून नुसतें तेल मुरवावें. भरणी शोभते ती घरांतल्या देव्हाऱ्यास आणि झोपाळ्यास. फळीवरून हात फिरवतांना रेघ लागूं नये, आणि तरी लाकडाची मूळची नक्षी डोळ्यांना स्पष्ट दिसावी, एवढें साधलें म्हणजे काम झालें.