कुंपण गेलं, नोंदवही राहिली

सोलापुरात ‘सेटलमेंट’ हा पत्ता आजही सांगितला जातो. इंग्रजी अमलात तिथं पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींची कुटुंबं तारेच्या कुंपणात ठेवलेली असत. कामाला बाहेर पडायचं तर पास, आणि ठरल्या वेळी हजेरी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याला मुळात गुन्हा घडावा लागतच नसे. जमात जाहीर झाली की त्यात जन्मलेलं पोरही संशयित. मुंबई प्रांतानं हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला, केंद्रानं ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. माणसं ‘विमुक्त’ झाली. पुढं १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि ठाण्यातल्या नोंदवहीला नवं नाव मिळालं.

विमुक्त झाल्यानंतरची सत्तर वर्षं पालावरच्या माणसाला विचारावीत. गावात घरफोडी झाली की पहाटे पालावर धाड. पुरुष सापडला नाही तर बायकोला, म्हाताऱ्या बापाला ठाण्यात आणून बसवायचं. अंगावरच्या डोरल्याची पावती मागायची. नसली की डोरलं मुद्देमालात जमा. कष्टाच्या पैशानं घेतलेल्या डागाची पावती गावातली किती घरं जपून ठेवतात? लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’नं १९८७ मध्ये हे जगणं मराठी वाचकांच्या घरात आणलं. पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. धाडी चालूच राहिल्या. त्याचं कारण एकट्या फौजदारात शोधून भागणार नाही. पाल उधळलं की गावाला आपला बंदोबस्त झाल्यासारखं वाटतं. ‘सद्रक्षणाय’ या पोलिसांच्या ब्रीदातले सज्जन कोण, हे गाव आणि ठाणं मिळून ठरवतात.

नाशिक जिल्ह्यातल्या २००३ सालच्या गुन्ह्याचा खटला मला विसरता येत नाही. एका कुटुंबावर दरोडा पडला, खून आणि बलात्कार झाले. वाचलेल्या बाईनं पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंतून चौघांना ओळखलं. त्या चौघांचा तपास झालाच नाही. भटक्या जमातीतले दुसरेच सहा मजूर पकडले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी सांगितली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयानं स्वतःचा निकाल फिरवून सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. ज्या बाईचं घर बुडालं तिला न्याय मिळाला का? तिलाही नाही. निरपराधांना अडकवणाऱ्या तपासानं पीडितेचंही रक्षण केलं नाही, आणि ‘निदान वचक तरी राहतो’ म्हणणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं कारागृहांच्या नियमावलीतला जातिभेद घटनाबाह्य ठरवला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असं पोलिसांना बजावलं. तीन महिनेही उलटले नव्हते. डिसेंबरात परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन पेटलं, धरपकड झाली. पकडलेल्यांत वडार समाजातला, कायद्याचं शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी होता. वडार विमुक्तांच्याच यादीत येतात. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा आढळल्या. पोलिसांवर साधा गुन्हा नोंदवावा म्हणून त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावं लागलं. जुलै २०२५ मध्ये न्यायालयानं तसा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथं हरलं.