मरताना कुणी खोटं बोलत नाही? मग डेस्डेमोना आणि सिंधू का बोलल्या?

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चा शेवटचा अंक. डेस्डेमोना पलंगावर अखेरच्या घटका मोजतेय. धावत आलेली एमिलिया विचारते, हे कुणी केलं? डेस्डेमोनाला उत्तर पक्कं ठाऊक आहे. थोड्याच वेळापूर्वी नवऱ्यानं, म्हणजे ऑथेल्लोनं, खोट्या संशयापायी तिचा श्वास कोंडलाय. तरीही कुणी काही केलं नाही, आपण स्वतःच याला कारण, असं ती सांगते. नवऱ्याला निरोप द्यायला सांगते आणि प्राण सोडते.

नाटकांमधल्या गाजलेल्या अखेरच्या शब्दांचा विषय निघाला की पहिलं नाव येतं ज्युलिअस सीझरचं. ब्रूटसला उद्देशून त्यानं काढलेला लॅटिन उद्गार आपल्याकडे राजकीय बातम्यांच्या मथळ्यांतही सापडतो. (खरं तर त्यानंतर सीझर आणखी एक छोटं वाक्य बोलतो. ते कुणाच्याच लक्षात राहत नाही.) पण डेस्डेमोनाचे शब्द जास्त अस्वस्थ करतात, कारण ते खोटे आहेत. आणि मरणारा माणूस खोटं बोलत नाही, या समजुतीवर तर कायदासुद्धा उभा आहे.

कायदा काय सांगतो?

एरवी ऐकीव गोष्ट न्यायालयात पुरावा ठरत नाही. मृत्युपूर्व जबाब हा त्याला अपवाद. १८७२च्या भारतीय पुरावा कायद्यात तो कलम ३२ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम २६ मध्ये आहे. नागपूरच्या एका खून प्रकरणात, खुशाल राव विरुद्ध मुंबई राज्य या १९५७च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की जबाब विश्वासार्ह असेल तर केवळ त्याच्या आधारावरही शिक्षा देता येते.

पण विश्वासार्ह आहे का, हे तपासावंच लागतं. जबाब देणारी व्यक्ती शुद्धीवर होती का, कुणी पढवलं होतं का, जखमा तिच्या सांगण्याशी जुळतात का? जळीत प्रकरणांत पहिल्या जबाबात स्टोव्हचा भडका आणि दुसऱ्या जबाबात सासरच्यांची नावं, असे एकाच बाईचे दोन जबाब न्यायालयांपुढे आलेले आहेत.

मराठी रंगभूमीवरची सिंधू

राम गणेश गडकरींच्या ‘एकच प्याला’मध्ये नेमकं हेच घडतं. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीनं हे नाटक रंगभूमीवर आणलं. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व होते. दारूच्या नशेत सुधाकरच्या हातून तान्ह्या मुलाचा जीव जातो, सिंधूही मरणाच्या दारात पोहोचते. पोलीस येतात तेव्हा ती नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटं सांगते. पिढ्यान् पिढ्या प्रेक्षक या प्रसंगाला रडले आणि सिंधू आदर्श पत्नी ठरली. आजच्या प्रेक्षकाला मात्र हा प्रसंग घरगुती हिंसाचाराच्या केस डायरीसारखा दिसला, तर त्याला दोष देता येणार नाही.

पण मरताना पात्रं एवढं बोलतात कशाला?

याचं एक कारण अगदी व्यावहारिक आहे. नाटकात क्लोजअप नसतो. ‘हॅम्लेट’मध्ये पोलोनिअस पडद्याआड लपलेला असताना मारला जातो, म्हणून आपण मेलो हे त्याला ओरडून सांगावं लागतं! शेवटच्या रांगेपर्यंत मृत्यू पोहोचवायचं काम शब्दांचं.

म्युझिकलमध्ये यातलं बरंच काम संगीत करतं. १९८५ मध्ये लंडनला इंग्रजीत आलेल्या ‘ले मिझराब्ल’मध्ये गोळी लागलेली एपोनिन मारियसच्या मिठीत गाते. प्रेम एकतर्फी, त्याचं मन दुसरीवर. तरी आपल्याला वेदना होत नाहीत, असं तीच त्याला समजावते. म्हणजे हेही खोटंच, पण यातून कुणी गुन्हेगार सुटत नाही. तिची ओळ शेवटच्या शब्दाआधी तुटते आणि उरलेला शब्द मारियस गाऊन पूर्ण करतो. तिचा जीव गेला, हे वेगळं सांगावं लागत नाही.

खोटं किती टिकलं?

डेस्डेमोनाचं खोटं काही क्षणच टिकतं. ती खोटं बोलून गेली, मारलं मीच, असं ऑथेल्लो स्वतःच कबूल करतो. मग सगळं उलगडत जातं ते एमिलियामुळे. ज्या रुमालावरून हा संशय पेटला, तो आपणच उचलून नवऱ्याला, इयागोला दिला होता, हे ती सर्वांसमोर सांगते. गप्प राहा, घरी जा, असं इयागो बजावत असतो. ती ऐकत नाही, तेव्हा तो तिला भोसकतो.

मालकिणीशेजारी निजवा, एवढंच ती मागते. डेस्डेमोना निर्दोष होती आणि आपण मनात आहे तेच बोललो, हे सांगत ती मरते. एकाच खोलीत, काही मिनिटांच्या अंतरानं, नवऱ्याच्या हातून मेलेल्या दोन बायका. एकीनं त्याला वाचवलं, दुसरीनं पकडून दिलं.

इयागो मात्र नाटक संपतं तेव्हा जिवंत असतो. यापुढे एक शब्दही बोलणार नाही, असं जाहीर करून तो गप्प बसतो.