पद्मिनी चालवावी की झाकून ठेवावी?

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी २०२३मध्ये टॅक्सी म्हणून मुंबईतून निवृत्त झाली आणि अंधेरी-मुलुंडच्या सोसायट्यांत उरलेल्या खासगी पद्मिनी मोलाच्या ठरल्या. मोल वाढलं की मालक गाडीवर कव्हर घालतो. माझ्या मते तिचं नुकसान तिथूनच सुरू होतं. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून चिकट थर उरतो, ब्रेक ऑइल ओलावा शोषतं आणि ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात, रबरी सील कडक होतात. समुद्राकाठच्या दमट हवेत हे फार लवकर घडतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबरी नळ्यांना आणखी जाचतं. जागेवर पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवणं हा उपाय नव्हे. सायलेन्सरमधलं पाणी सुकेल एवढी उष्णता त्यात तयारच होत नाही. गाडी अर्धा तास तरी पळायला हवी.

घासली तर किंमत उतरेल, हा आक्षेप रास्त आहे. पण पत्रा ठोकून सरळ करता येतो. आतून गंजलेलं इंजिन बरंच महाग पडतं. रोज ऑफिसला मात्र ती नेऊच नये. तिचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे घाटकोपरच्या कोंडीत इंजिन मंदावलं की पंखाही मंदावतो आणि पाणी उकळतं. शिवाय एअरबॅग नाहीत, धूर जास्त. ५० वर्षांवरच्या गाडीची २०२१च्या केंद्रीय नियमांखाली व्हिंटेज म्हणून नोंदणी केली, तर नियमित वापराला मनाईच आहे. प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. तशी नोंदणी नसेल, तर पीयूसी आणि विमा चालू ठेवून पावसाळ्याबाहेरच्या रविवारी पहाटे बोरिवलीहून द्रुतगती मार्गावर एक फेरी मारावी.