गुडघा आणि पोट

आमच्या धाकट्या जाऊबाईंनी तीन वर्षे पगारातून थोडेथोडे बाजूला टाकून एक रक्कम साठवली होती. घरात सर्वांची समजूत, की ती मुलीच्या लग्नासाठी आहे. मला एकटीला ठाऊक होते, की ते पैसे पोटासाठी आहेत. दोन सिझेरियननंतर पोटाचे उभे स्नायू मधोमध फाकले, कातडी ओघळली आणि कितीही व्यायाम केला तरी ती जागेवर आली नाही. जादा कातडी काढून स्नायू शिवायचे ठरले, तारीख मिळाली, आगाऊ पैसेही भरून झाले. पाच आठवडे उरले असताना पावसाने ओल्या झालेल्या जिन्यावर बाईंचा पाय घसरला. गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध, डॉक्टर ज्याला एसीएल म्हणतात तो, तुटला.

गुपित फुटले ते तेव्हा. दीर म्हणाले, ‘‘आधी गुडघ्याचं बघा. पोट काय पळून जातंय?’’ सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, ते तिला अधिक लागले. तिचा हिशेब मात्र सरळ होता. ‘‘ताई, नाहीतरी घरीच बसायचंय. एकाच रजेत दोन्ही उरकलं तर काय बिघडलं?’’

खरे सांगायचे तर मलाही ते पटले होते. सर्जनना पटले नाही. पोट शिवल्यावर पहिले काही दिवस टाक्यांवर ताण नको म्हणून कमरेत वाकून चालावे लागते. गुडघा धड नसताना वाकून चालणार कसे? कुबड्या घ्याव्यात, तर त्यांवर भार टाकताना पोट आवळले जाणार. शिवाय पायातल्या शिरेत रक्त साकळून गुठळी होते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. पोटाच्या या शस्त्रक्रियेत तो धोका असतोच, म्हणून तर रुग्णाला लवकर उठवून चालवतात. जखमी, आखडून ठेवलेल्या पायाने तोच धोका वाढतो.

मग त्यांनी विचारले, ‘‘गोळ्या कोणत्या चालू आहेत?’’ ही रोज आयब्रुफेन घेत होती. रक्त गोठण्यात त्याने अडथळा येतो, अशा गोळ्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना विचारून बंद कराव्या लागतात. आधी का सांगितले नाही, तर म्हणे गुडघ्याच्या गोळीचा पोटाशी काय संबंध! आपण घरोघरी असेच म्हणतो. हाडांचे डॉक्टर वेगळे, कातडीचे वेगळे, आणि दोघांना एकमेकांचे सांगायचे काम रुग्णाचे.

नंतरचे दिवस फार मजेचे गेले, म्हणजे मला. गुडघा पाहायला माणसे संत्री घेऊन आली. बँकेतल्या मैत्रिणी आल्या. पोटाबद्दल एकानेही विचारले नाही, कारण ती ‘हौस’. विमा कंपनीचेही तेच मत. गुडघ्याचा खर्च पॉलिसीत बसतो, सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया बसत नाही. मला अशा वेळी पुण्याजवळचा तो गाडीवान आठवतो. इंग्रजी फौजेसाठी बैलगाडी हाकणारा कावसजी 1792 च्या युद्धात टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला, त्याचे नाक कापले गेले. पुढे वीटकरी जमातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. ती हकिकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये 1794 च्या ऑक्टोबरात छापून आली आणि 1814 मध्ये जोसेफ कार्पू यांनी तिकडे तशीच शस्त्रक्रिया केली. नाकावाचूनही कावसजी श्वास घेतच होता; तरी त्याला कोणी हौशी म्हटल्याचे वाचनात नाही. फाकलेल्या पोटाने वीस वर्षे कंबरदुखी सोसणाऱ्या बाईला मात्र म्हणतात.

तिला राग आला तो पुढे ढकलण्याचा नव्हे. ‘‘माझ्यासाठी म्हणून एकच तारीख ठरवली होती,’’ एवढेच ती म्हणाली.

गुडघ्याचे ऑपरेशन लगेच करायचे नाही असे ठरले आहे. तुटलेला प्रत्येक अस्थिबंध शिवावाच लागतो असे नाही. आधी सूज उतरवायची, मांडीचे स्नायू बळकट करायचे, मग पाहायचे. त्यामुळे रोज सकाळी ती खाटेवर पाठ टेकून, गुडघा न वाकवता पाय उचलते आणि सासूबाई जपमाळ बाजूला ठेवून मोजतात. परवा मोजता मोजता त्यांनीच विचारले, ‘‘सात... आठ... पोटाची तारीख आता कधीची गं?’’