एकच संगणक-प्रणाली, अनेक धर्मग्राम

प्रत्येक धर्मग्रामासाठी स्वतंत्र संगणक-प्रणाली उभारणे खर्चाचे असते. म्हणून एकाच सर्व्हरवरील एकच प्रणाली सर्वांनी वापरावी, असे सुचविले जाते. वर्डप्रेसच्या २०१० मधील ३.० आवृत्तीपासून एकाच प्रतीवर अनेक संकेतस्थळे चालविता येतात. मिस्साच्या वेळा व सूचनांसाठी ही सोय उत्तमच.

नोंदवह्यांची गोष्ट निराळी. कॅनन लॉच्या ५३५ व्या कलमानुसार बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या प्रत्येक धर्मग्रामाने ठेवावयाच्या असतात. दत्तक बालकाची नोंद दुसऱ्याच धर्मग्रामाच्या पडद्यावर उमटली, तर ती पुन्हा झाकता येत नाही. सामायिक प्रणालीत सर्वांच्या नोंदी बहुधा एकाच तक्त्यात असतात. प्रत्येक ओळीवर धर्मग्रामाचा क्रमांक, एवढीच काय ती भिंत. तो क्रमांक तपासण्याचे प्रोग्रामरकडून एका जागी राहून गेले, की भिंत ढासळली! म्हणून ही तपासणी खुद्द डेटाबेसनेच करावी, असे आमचे मत आहे. पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसमध्ये २०१६ च्या ९.५ आवृत्तीपासून तशी व्यवस्था आहे. मात्र प्रणाली तक्त्याच्या मालकाच्या खात्याने जोडलेली असल्यास तो नियम आपोआप लागू होत नाही.

एका धर्मग्रामाच्या नोंदी पुसल्या गेल्यास इतरांना धक्का न लावता तेवढ्याच परत आणता येतील काय, हेही करारापूर्वी पुरवठादारास विचारावे.