मोटारीच्या मागील काचेवरील तापक-जाळीचे दोषनिदान

मोटारीच्या मागील काचेचे तपमान आतील हवेच्या दवबिंदूखाली उतरले, की काचेच्या आतील पृष्ठावर जलबाष्पाचे सूक्ष्म थेंब साठतात व चालकास मागील रस्ता दिसेनासा होतो. हे बाष्प घालविण्यासाठी काचेवर ज्या आडव्या रेषा असतात, त्या वस्तुतः तारा नव्हेत. चांदीचे कण व काचचूर्ण यांच्या लेपाचे ते भाजून पक्के केलेले पातळ थर होत. सामान्य रचनेत या सर्व रेषा दोन उभ्या पट्ट्यांमध्ये समांतर जोडलेल्या असतात. जाळीतून सुमारे १० ते २० अँपिअर प्रवाह वाहतो. म्हणजे १२ व्होल्ट दाबाखाली तिचा एकूण रोध ०.६ ते १.२ ओहम इतका अल्प असतो.

दोषाचे स्थान या समांतर जोडणीवरूनच ठरते. एखादी रेषा तुटली तर तेवढीच थंड पडते. सर्व रेषा एकदम थंड राहिल्या, तर दोष बहुधा रेषांत नसून फ्यूज, रिले, स्विच किंवा पट्ट्यांची जोडणी यांत असतो. मात्र अनेक गाड्यांत ठराविक मिनिटांनी प्रवाह आपोआप बंद होतो. तो बिघाड समजू नये.

सर्व रेषा कोमट राहत असतील, तर पट्ट्यांवरील दाब मोजावा. उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने १२ ऐवजी ९ व्होल्ट मिळाल्यास ती सुमारे ५६ टक्क्यांवर येते. ऋण पट्टी व गाडीचा सांगाडा यांमध्ये लक्षणीय दाब आढळल्यास सांगाड्याशी असलेली जोडणी सदोष होय. ती पूर्ण तुटली असेल, तर जाळीवर सर्वत्र १२ व्होल्ट दिसतात, पण प्रवाह मुळीच वाहत नाही. दाब आहे म्हणून प्रवाहही आहे, हे अनुमान येथे फसवे ठरते.

तुटलेली रेषा कोणती, हे काचेवरील न विरलेले बाष्पच सांगते. परंतु रेषा कोठे तुटली, हे ते सांगू शकत नाही. प्रवाह खंडित झाल्यावर छेदाच्या दोन्ही बाजू सारख्याच थंड राहतात. तेथे व्होल्टमापक उपयोगी पडतो. त्याचे ऋण टोक सांगाड्यास जोडून धन टोक रेषेच्या मध्यावर टेकवावे. लेप खरवडू नये म्हणून त्या टोकाभोवती पातळ धातुपत्रा गुंडाळावा. निर्दोष रेषेच्या मध्यावर सुमारे ६ व्होल्ट आढळतात. १२ व्होल्ट आढळल्यास छेद ऋण पट्टीच्या बाजूस, शून्य आढळल्यास धन पट्टीच्या बाजूस असतो. त्या दिशेने टोक सरकवीत गेल्यास जेथे दाब एकदम बदलतो, तेच छेदाचे स्थान.

छेद सापडल्यावर तेवढ्याच जागी चांदीयुक्त वाहक रोगण लावून रेषा पुन्हा सांधता येते. यास्तव अचूक निदान झाल्यास एका केसाएवढ्या छेदापायी संपूर्ण काच बदलण्याचा खर्च टळतो.